वाचकांचे प्रश्न : कर्नल बॅरेट, त्यांचे गाव आणि त्यांचे कोठार

गेल्या अंकातल्या अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धावरच्या लेखात मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या कॉनकॉर्ड गावच्या कर्नल जेम्स बॅरेट यांचा उल्लेख दोन ओळींत आटोपला होता. १९ एप्रिल १७७५ रोजी, कॉनकॉर्डच्या पुलावर चकमक झाली त्या दिवशी, ब्रिटिश फौज ज्यांच्या शेतघराची झडती घ्यायला निघाली होती, तेच हे बॅरेट. त्यांच्याविषयी आणि त्या काळच्या मिलिशियाविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये ॲक्टनला राहतो. इथून दर एप्रिलमध्ये जुन्या पोशाखातले लोक कॉनकॉर्डच्या पुलापर्यंत चालत जातात. त्यात नाव असते ते कॅप्टन आयझॅक डेव्हिस यांचे. पण त्या दिवशी पुलाकडे निघायचा हुकूम बॅरेट यांचा होता असे तुमच्या लेखात वाचले. बॅरेट सैन्यातले अधिकारी होते का?

नाही. ‘कर्नल’ म्हटले की पगारी, गणवेशातला, छावणीत राहणारा अधिकारी डोळ्यांपुढे येतो, आणि इथेच गफलत होते. मिलिशिया म्हणजे गावातल्या सगळ्या धडधाकट पुरुषांची कायद्याने बांधलेली फौज. १६ ते ६० वयाचा प्रत्येक पुरुष तिच्यात आपोआप नोंदला जाई. आपल्याकडची शिबंदी पगारावर ठेवलेली असे, इथे कवायतीला पगार नव्हता. उलट बंदूक ज्याची त्याने आणायची. गावच्या माणसांची कंपनी, तिच्यावर कॅप्टन, लेफ्टनंट आणि निशाण सांभाळणारा एन्साइन. आसपासच्या गावांच्या कंपन्या मिळून रेजिमेंट आणि तिच्यावर कर्नल.

बॅरेट यांचा जन्म १७१० चा, कॉनकॉर्डचाच. पेशाने ते शेतकरी. फ्रेंचांविरुद्धच्या लढायांच्या काळात ते कॅप्टन होते. पुढे गावाने त्यांना प्रांताच्या विधानसभेवर, म्हणजे जनरल कोर्टावर, प्रतिनिधी म्हणून पाठवले. १७७५ साली ते मिडलसेक्स परगण्यातल्या रेजिमेंटचे कर्नल होते आणि वय होते ६४. त्या सकाळी ते जुना कोट, खाली झुकलेल्या काठाची टोपी आणि चामड्याचा एप्रन अशा वेषात घोड्यावर होते, असे घरच्या आठवणींत सांगितले जाते. तपशील आठवणीतला असला तरी चित्र खरे वाटते. त्या दिवशी मैदानात गणवेश होता तो फक्त समोरच्या बाजूला.

प्रश्न : बॅरेट यांची कर्नल म्हणून निवड कोणी केली? गावचा कारभार पाहणारे ‘सिलेक्टमन’ म्हणजे आपले पाटील-कुलकर्णी समजावेत का?

तुलना मोहाची आहे, पण एका ठिकाणी ती पूर्ण मोडते. पाटीलकी वतन होती, बापाकडून मुलाकडे जाई. सिलेक्टमन मात्र दर वर्षी मार्चमधल्या गावसभेत मतदानाने निवडले जात. बहुधा तीन, पाच किंवा सात. त्याच सभेत गावचा कारकून, खजिनदार, कॉन्स्टेबल, रस्त्यांचे देखरेखे, कुंपणे तपासणारे, मोकाट डुकरांचा बंदोबस्त करणारे, चामड्यावर शिक्का मारणारे अशी डझनावारी पदे भरली जात. म्हणून साधारण ऐपतीच्या बहुतेक घरांतल्या एखाद्याच्या गळ्यात कधी ना कधी काहीतरी पडेच. कॉन्स्टेबलचे काम सर्वांना नकोसे. कारण करवसुली त्याच्याकडे, आणि तूट आली तर भरपाईही त्याच्याच माथी. पद नाकारले की दंड भरावा लागे, आणि तो भरून मोकळे होणारेही असत.

सभा बोलावण्याची रीत ठरलेली होती. सिलेक्टमन विषयपत्रिका लिहून कॉन्स्टेबलला देत आणि तो ती गावाला कळवी. पत्रिकेत नसलेल्या विषयावर निर्णय होत नसे. जस्टिस ऑफ द पीस हे पद वेगळे. त्याची नेमणूक गव्हर्नर करी आणि ४० शिलिंगांपर्यंतचे किरकोळ दावे तो एकटा निकालात काढी.

मिलिशियाच्या अधिकाऱ्यांच्या सनदाही गव्हर्नरच देई. १७७४ मध्ये हे उलटले. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने मॅसॅच्युसेट्स गव्हर्नमेंट ॲक्ट करून वार्षिक सभेखेरीज इतर गावसभांना गव्हर्नरची परवानगी सक्तीची केली. गावांनी त्यावर तोड काढली. सभा संपवायचीच नाही, तहकूब करायची आणि तीच पुढे चालू ठेवायची. त्याच शरद ऋतूत ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांनी राजाच्या सनदा सोडल्या आणि कंपन्यांनी आपले अधिकारी स्वतः निवडले. ऑक्टोबर १७७४ मध्ये प्रांतिक काँग्रेसने, म्हणजे गव्हर्नरला न जुमानता भरलेल्या प्रांताच्या प्रतिनिधींच्या सभेने, त्याला रूप दिले. मिलिशियाच्या चौथ्या हिश्शाने हाकेसरशी निघायला तयार राहायचे, किमान ५० शिपायांची एक कंपनी, अशा नऊ कंपन्यांची एक बटालियन. हेच ‘मिनिटमन’. त्यामुळे १७७५ साली कर्नलचा अधिकार राजाच्या कागदावर उभा नव्हता, शेजाऱ्यांच्या मतावर उभा होता. बॅरेट यांचे पुढचे सारे वागणे समजायला ही गोष्ट धरून ठेवावी लागते.

प्रश्न : प्रत्येकाने काय काय आणायचे असे? न आणल्यास?

मॅसॅच्युसेट्सचा १६९३ चा कायदा यादीच देतो. चांगल्या स्थितीतली बंदूक, नळी साडेतीन फुटांहून कमी नको. पाठीवरची पिशवी. बारा बार मावतील असा पट्टा किंवा काडतुसांची पेटी. एक पौंड चांगली दारू, बंदुकीला बसतील अशा २० गोळ्या, १२ गारगोट्या. तलवार. शिवाय नळीत अडकलेला बार ओढून काढायचा पेचदार आकडा आणि कान, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेले बारीक छिद्र, साफ करायची तार.

बंदूक नसेल तर सहा शिलिंग दंड, इतर प्रत्येक उणिवेला दोन शिलिंग. कवायतीचे दिवस वर्षाला चार, गैरहजेरीला पाच शिलिंग. वसुली कंपनीचा कारकून करी. ज्याच्याजवळ रोकड नाही त्याने धान्य आणून द्यायचे, कारकुनाने ते विकून त्याला हत्यार घेऊन द्यायचे, अशीही सोय होती. गावाचा साठा वेगळा : दर ६० शिपायांमागे एक पिंप दारू, दोनशे पौंडांच्या आसपास गोळ्या आणि ३०० गारगोट्या. सवलतींची यादीही बोलकी आहे. पाद्री, शाळामास्तर, वैद्य, हार्वर्डचे विद्यार्थी, नावाडी आणि दर गिरणीमागे एक गिरणीवाला. दळण थांबले तर गाव उपाशी राहील म्हणून.

‘बंदुकीला बसतील अशा गोळ्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बंदुका घरोघरच्या, त्यांच्या नळ्यांचे व्यास निरनिराळे. शेजाऱ्याची गोळी आपल्या नळीत जाईलच असे नाही, गेली तर सैल बसेल. म्हणून प्रत्येक बंदुकीजोगा साचा लागे आणि शिसे वितळवून घरी गोळ्या ओतल्या जात. कर्नलच्या दृष्टीने ही मोठी डोकेदुखी. कोठारात गोळ्यांचा ढीग असूनही ऐन वेळी त्या सगळ्यांच्या कामाच्या नसत.

प्रश्न : आमच्या साताऱ्याच्या घरी जुनी तोड्याची बंदूक आहे. त्या लोकांच्या बंदुका तशाच होत्या का? त्या न उडण्याची कारणे काय?

तशा नव्हत्या. तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकाला, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूला, लावायची असते. या बंदुकांत घोड्याच्या, म्हणजे चाप ओढताच पुढे आपटणाऱ्या खटक्याच्या, जबड्यात गारगोटी पकडलेली असे. चाप ओढला की गारगोटी समोरच्या पोलादी पट्टीवर घासे, पट्टी मागे उडून रंजकाची वाटी उघडी पडे, ठिणग्या वाटीत पडत, आणि तिथला भडका कानातून आत जाऊन मुख्य बार पेटे.

भरण्याचा क्रम असा. घोडा अर्धा चढवायचा. कागदी काडतुसाचे टोक दातांनी फाडायचे. चिमूटभर दारू वाटीत घालून झाकण लावायचे. बंदूक उभी करून उरलेली दारू नळीत ओतायची, मागून गोळी आणि कागद. गज काढून ठासायचे, गज जागेवर. घोडा पूर्ण चढवायचा, रोखायचे, चाप. सरावाचा माणूस मिनिटाला दोन-तीन बार काढी. १७७४ मध्ये प्रांतिक काँग्रेसने कवायतीसाठी जी पद्धत सुचवली तीही ब्रिटिश सैन्याचीच, १७६४ ची.

न उडण्याची कारणे अनेक. गारगोटीची धार गेली तर ठिणगी पडत नाही. ती चामड्याच्या तुकड्यात घट्ट धरलेली नसली तर घसरते. दारूला ओल लागली तर वाटीतच फुसफुसते. सर्वांत फसवे म्हणजे कान काजळीने बुजणे. वाटीत भडका होतो, धूर दिसतो, बार मात्र आतच. गर्दीच्या आवाजात शिपायाला ते कळत नाही आणि तो त्यावरच दुसरा बार ठासतो. कान साफ करायची तार कायद्याच्या यादीत आहे ती यासाठी. शिवाय दर बारागणिक नळीत काजळी साचते आणि गोळी ठासायला जड जाते. ब्रिटिश मस्केटची नळी पाऊण इंचाची आणि गोळी त्याहून मुद्दाम थोडी लहान असे, ती यामुळेच. त्याची किंमत नेमात चुकवावी लागे. पाऊणशे पावलांपलीकडच्या एकट्या माणसावर भरवसा ठेवण्यात अर्थ नसे.

आपल्याशी एक खरा धागा इथे आहे. दारूत सुमारे तीन चतुर्थांश भाग सोरा असतो, आणि त्या काळी ब्रिटनला लागणारा बराचसा सोरा ईस्ट इंडिया कंपनी बिहारमधून नेत असे. वसाहतींतली बहुतेक दारू समुद्रापलीकडून येई. ऑक्टोबर १७७४ मध्ये राजाने वसाहतींकडे शस्त्रे आणि दारू पाठवण्यावर बंदी घातली. त्याआधी सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला ब्रिटिश सेनापती आणि गव्हर्नर जनरल गेज यांनी चार्ल्सटाउनच्या दारूखान्यातली २५० अर्धी पिंपे उचलून नेली होती. बॅरेट यांच्या कोठाराची निकड समजते ती यानंतर.

प्रश्न : त्या कोठारात होते तरी काय? आणि सातशे सैनिक येऊनही ते हाती का लागले नाही?

हाच सगळ्या प्रकरणाचा गाभा. बॅरेट यांचे नाव पुलावरच्या चकमकीशी जोडले जाते, पण त्यांचे खरे काम त्याआधीच्या हिवाळ्यातले आहे. प्रांताचा युद्धसाठा कॉनकॉर्डला आणून सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर होती. काही हजार माणसांची फौज उभी करायची तर काय लागते, हे त्या याद्यांतून कळते. पुरवठा समितीच्या एकाच सदस्याने गाडीमागून गाडी, वीस गाड्या माल पाठवला. त्यात सुमारे २०,००० पौंड गोळ्या आणि काडतुसे, काडतुसांच्या कागदाची ५० रिमे, २०६ तंबू, ११३ लोखंडी फावडी, औषधांच्या १४ पेट्या, मेणबत्त्यांच्या २४ पेट्या. इतर ठिकाणांहून पीठ, मीठ, तांदूळ, खारवलेले मासे. तोफा वेगळ्या. हे सारे एका जागी ठेवता येत नव्हते. ते गावभर, घराघरांत आणि धान्याच्या कोठ्यांत विभागले होते, आणि कुणाकडे काय आहे हे लक्षात ठेवायला एक माणूस लागत होता. कर्नलची कामगिरी तलवारीवर मोजायची सवय आपल्याला असते. बॅरेट यांची मात्र गाड्या, याद्या आणि विश्वासाची घरे यांवरच मोजावी लागते.

गेज यांचे हेर मार्चमध्ये कॉनकॉर्ड पाहून गेले होते, आणि तोफा कुठे आहेत याची खबर त्यांच्याजवळ होती. पण खबर शिळी होते. १८ एप्रिलला साठा आणखी गावांत हलवायचा निर्णय झाला. त्याच रात्री ब्रिटिश तुकडी बॉस्टनहून निघाली. मध्यरात्रीनंतर डॉ. सॅम्युएल प्रेस्कॉट यांनी घोडा दामटत कॉनकॉर्डला बातमी आणली, घंटा झाली, आणि उरलेला माल हलवायला काही तास मिळाले.

गावात शिरल्यावर सैनिकांनी गाडलेल्या तीन मोठ्या तोफा शोधल्या आणि त्या गाड्यावर बसवण्याचे दोन्ही बाजूंचे खुंट फोडले. खुंट गेला की तोफ गाड्यावर ठरत नाही. लाकडी गाडे जाळले. गोळ्या गिरणीच्या तळ्यात टाकल्या. शिसे पाण्याने बिघडत नाही, त्यामुळे त्या मागाहून काढून घेता आल्या. पिठाची साठेक पिंपे फेकली, त्यांतली निम्म्याच्या जवळपास वाचली. टिमोथी व्हीलर नावाच्या गिरणीवाल्याने तर आपल्या पोत्यांवर हात ठेवून ‘हे माझे, हेही माझे’ असे सांगितले. तेवढे खरे होते. शेजारीच ठेवलेल्या, प्रांताच्या मालकीच्या पिठाबद्दल तो काही बोलला नाही, आणि अधिकारी परत फिरला.

चार कंपन्या पूल ओलांडून सुमारे दोन मैलांवरच्या बॅरेट यांच्या घरी गेल्या. तिथे त्यांच्या पत्नी रिबेका बॅरेट होत्या. नांगराच्या ताज्या तासांत बंदुका पुरल्या आणि माळ्यावरची पिंपे वरून पिसांनी झाकली, असे परंपरा सांगते. हे घरातून सांगितले गेलेले आहे, म्हणून तेवढ्याच भरवशाने घ्यावे. पक्के आहे ते इतकेच की अपेक्षेच्या मानाने फौजेला फार थोडे सापडले. रिबेका यांनी सैनिकांना खायला दिले, ही हकिकतही त्याच आठवणींतली.

प्रश्न : शत्रू गावात असताना ‘आधी गोळी झाडू नका’ हा बॅरेट यांचा हुकूम कच खाल्ल्यासारखा नाही का?

आमच्या मते तो त्या दिवसातला सर्वांत पक्का निर्णय होता. पुलापलीकडच्या उंचवट्यावर चारशेच्या आसपास माणसे जमली होती. खाली पुलावर ब्रिटिशांच्या तीन कंपन्या, शंभराच्या आत. गावातून धूर वर येताना दिसला. तो तोफांच्या गाड्यांचा होता, पण वरून गाव पेटल्यासारखे वाटले. कॉनकॉर्डचे लेफ्टनंट जोसेफ हॉस्मर यांनी गाव जळू देणार का, असा सवाल केला. बॅरेट यांनी बंदुका भरून पुलाकडे निघायचा हुकूम दिला आणि सोबत ती अट घातली. पुढे ॲक्टनची कंपनी, कारण तिच्याकडे संगिनी होत्या. कॅप्टन डेव्हिस स्वतः बंदुका घडवणारे.

राजाच्या फौजेवर आधी गोळी झाडणे म्हणजे राजद्रोह. हल्ल्याला उत्तर देणे म्हणजे बचाव. ज्याचा अधिकार शेजाऱ्यांच्या मतावर आहे त्याला हा फरक सोडून चालत नाही, कारण उद्या त्या सगळ्यांच्या मानेला फास लागू शकतो. ब्रिटिशांची फैर आधी आली. डेव्हिस आणि ॲब्नर हॉस्मर जागीच ठार झाले. मग मेजर जॉन बट्रिक यांनी गोळीबाराचा हुकूम दिला. चारच दिवसांनी, २३ एप्रिलला, बॅरेट यांनी शपथेवर जबानी दिली. तिचा सारा भर याच क्रमावर आहे : आपण हुकूम काय दिला, आणि आधी कोणी झाडली.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बॅरेट यांच्या घरून परतलेल्या चार कंपन्या याच पुलावरून परत गेल्या आणि त्यांना कोणी अडवले नाही. खरी झुंज दुपारी, बॉस्टनच्या परतीच्या वाटेवर पेटली. दिवसाअखेर ७३ ब्रिटिश आणि ४९ वसाहतवाले मेले होते.

प्रश्न : मी त्या काळच्या मृत्युपत्रांचा आणि मालमत्तेच्या याद्यांचा मराठीत अनुवाद करते. तारखा आणि पैसे जुळत नाहीत. नेमके काय पाहावे?

आधी तारीख. १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या तारखेला १७३२/३३ अशी जोड दिसते. आपल्या हिशेबाने ते १७३३. नुसते १७३२ लिहिलेले असेल तर कागदातल्या मागच्यापुढच्या नोंदी पाहून ठरवावे. महिना आकड्यात असेल तर अधिक सावध राहावे. त्या गणनेत मार्च पहिला, म्हणून ‘तिसरा महिना’ म्हणजे मे. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. त्याआधीची अठराव्या शतकातली तारीख आजच्या पंचांगात बसवायची तर ११ दिवस मिळवावेत. अनुवादात मात्र मूळ तारीखच ठेवावी आणि खुलासा तळटीपेत द्यावा.

आता पैसे. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. रुपये-आणे-पैचे हिशेब पाहिलेल्यांना ३-१२-६ ही मांडणी लगेच कळेल. गोंधळ होतो तो चलनांमुळे. ‘ओल्ड टेनर’ म्हणजे घसरत गेलेले जुने कागदी चलन. १७५० मध्ये ते मागे घेतले तेव्हा त्याचे ४५ शिलिंग म्हणजे एक स्पॅनिश डॉलर, आणि तोच डॉलर नव्या ‘लॉफुल मनी’त सहा शिलिंगांचा. त्या वेळच्या ओल्ड टेनरला साडेसातने भागा : ७५ पौंडांचे १० होतात. आधीच्या वर्षांना हा भागाकार लावू नये, तेव्हा दर वेगळा होता. स्टर्लिंगमध्ये तोच डॉलर साडेचार शिलिंगांचा, म्हणजे लॉफुल मनीच्या तीन चतुर्थांश.

आणि नावे. ‘ज्युनिअर’ म्हणजे मुलगाच असे नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले की धाकट्याला ते लागे, आणि थोरला वारला की गळून पडे. कॅप्टन, डीकन, एस्क्वायर या उपाध्या मात्र सहसा सुटत नाहीत. एखाद्या कागदावर वर्ष नसेल तर त्यांवरून काळ ठरवावा : ‘कॅप्टन बॅरेट’ लिहिलेला कागद कर्नल होण्याआधीचा धरावा. तोही सही दुसऱ्या कागदाशी ताडून, कारण जेम्स बॅरेट नावाची माणसे त्या घरात एकाहून अधिक होती.

प्रश्न : बॅरेट यांचे पुढे काय झाले? घर पाहता येते का?

११ एप्रिल १७७९ रोजी ते वारले. युद्ध अजून चार वर्षे चालायचे होते. त्यांचे घर कॉनकॉर्डमध्ये उभे आहे आणि २०१२ पासून मिनिटमन राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात सामील आहे. पूल मात्र मूळचा नाही. जुना १७९३ मध्येच काढला गेला, आज दिसतो तो नंतर बांधलेला. ॲक्टनहून चालत येणार असाल तर पुलापाशी थांबू नका. तिथून पुढे दोन मैल त्या शेतघरापर्यंत चला, ब्रिटिशांच्या चार कंपन्या गेल्या होत्या तेवढेच अंतर आहे.